जेटपॅक : पाठीवर मावायच्या अटीची किंमत

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा : "आमचा गिर्यारोहकांचा गट सह्याद्रीत अडकलेल्या, जखमी झालेल्या ट्रेकर्सना खाली आणायचं काम करतो. इंग्लंडमध्ये एक माणूस जेटपॅक घालून दीड मिनिटात डोंगरावर पोचल्याचा व्हिडिओ पाहिला. माणूस १९६१ सालीच असा उडाला होता म्हणतात. मग इतक्या वर्षांत ही वस्तू सगळ्यांच्या हाती का आली नाही? आणि आम्हाला तिचा उपयोग होईल का?"

जवळजवळ तीस वर्षं मी छोट्या गॅस टर्बाइनच्या, म्हणजे जेट इंजिनांच्या, टेस्ट बेडवर (इंजिन जखडून त्याची चाचणी घ्यायच्या जागी) काढली. जेटपॅकमध्ये वापरतात तसल्या फूटभर लांबीच्या इंजिनांवर शेवटची काही वर्षं रोज हात होता. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

तुमच्या प्रश्नामागे अशी समजूत दिसते की हे संशोधन मधेच कुठेतरी अडलं. ते अडलेलं नाही. इंजिनं उत्तम आहेत, ती सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक्स उत्तम आहेत, उडणारी माणसंही निष्णात आहेत. महाग पडते ती एकच अट : यंत्र माणसाच्या पाठीवर मावलं पाहिजे. ही अट ढिली केली की इंधन, आवाज, वेळ, सुरक्षितता, सगळ्यांत सुधारणा होते. पण मग हातात येतं ते जेटपॅक नसतं.

हिशेब साधा आहे. माणूस ८० किलोचा आणि यंत्र व इंधन मिळून ४० किलो धरू. हे १२० किलो हवेत धरून ठेवायला साधारण १२०० न्यूटन जोर लागतो. जमिनीचा आधार नसताना वर राहायचं तर काहीतरी सतत खाली फेकत राहावं लागतं. तेवढाच जोर पुष्कळ हवा सावकाश ढकलून मिळतो किंवा थोडी हवा भयंकर वेगाने फेकून मिळतो. ७ मीटर व्यासाचा हेलिकॉप्टरसारखा पंखा असेल तर पंख्यापाशी हवेला सेकंदाला साडेतीन-पावणेचार मीटरचा वेग दिला की भागतं, आणि त्याला कागदावर ४ ते ५ किलोवॅट शक्ती पुरते. प्रत्यक्षातले तोटे धरून दुप्पट म्हणा. म्हणजे एका मोटरसायकलचं इंजिन झालं. आता तोच जोर पाठीवर मावणाऱ्या जेट इंजिनांनी काढा. त्यांच्या तोंडाचा घेरच लहान, त्यामुळे सेकंदाला सव्वादोन किलोच्या आसपास हवा जाते आणि ती सेकंदाला ५५० मीटर वेगाने फेकावी लागते. त्याला लागतात सुमारे ३३० किलोवॅट. वजन तेच, माणूस तोच, शक्ती सत्तरपट.

इंधनाच्या भाषेत सांगायचं तर मिनिटाला साधारण साडेचार लिटर केरोसीन. दहा मिनिटं उडायचं तर ४५ लिटर, म्हणजे ३६ किलो. हे वजन उचलायला आणखी जोर हवा आणि त्या जोराला आणखी इंधन. इंजिन कितीही सुधारलं तरी थोडी हवा वेगाने फेकायचा हा दंड माफ होत नाही, कारण तो इंजिनाच्या कारागिरीतून आलेला नाही.

हा दंड पहिल्यांदा भरला तो अमेरिकेतल्या बेल कंपनीने. वेंडेल मूर हा तिथला इंजिनिअर. १९६०मध्ये अमेरिकी लष्कराने कंपनीला पैसे दिले आणि मूरच्या 'रॉकेट बेल्ट'चं काम जोरात सुरू झालं. सुरुवातीची उड्डाणं दोराला बांधून होत, आणि ती मूर स्वतःच करायचा. फेब्रुवारी १९६१मध्ये दोर तुटला, तो जेमतेम अडीच मीटरवरून पडला आणि गुडघ्याची वाटी फुटली. ही उंची लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडे परत यायचं आहे. मूरनंतर हॅरल्ड ग्रॅहम या तरुणाने जागा घेतली आणि २० एप्रिल १९६१ रोजी नायगारा फॉल्सच्या विमानतळावर दोराशिवाय पहिलं उड्डाण केलं : १३ सेकंदांत सुमारे ३४ मीटर. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फोर्ट ब्रॅग या लष्करी तळावर राष्ट्राध्यक्ष केनेडींसमोर प्रात्यक्षिक झालं.

त्या यंत्रात ज्वलन नव्हतंच. ९० टक्के तीव्रतेचं हायड्रोजन पेरॉक्साइड नायट्रोजनच्या दाबाने चांदीच्या जाळ्यांवर सोडायचं, की त्याची क्षणात वाफ आणि ऑक्सिजन होतो आणि ७०० अंशांच्या वरची वाफ खांद्यामागच्या दोन नळ्यांतून खाली सुटते. उजव्या हातात थ्रॉटल, म्हणजे जोर कमी-जास्त करायची मूठ, डाव्या हातात डावी-उजवीकडे वळण्याची मूठ. बाकी सगळा तोल अंगाने सांभाळायचा. रचना इतकी नेटकी की आजही पाहताना मन भरून येतं. पण इंधन मावायचं साधारण २० लिटर आणि ते सेकंदाला किलोभराच्या वर उडायचं. एकूण वेळ २१ सेकंद. पायलटच्या हेल्मेटमध्ये इशारा देणारं यंत्र होतं, कारण त्या आवाजात वेळेचं भान राहणं अशक्य. २१व्या सेकंदाला पाय जमिनीवर नसतील तर पुढे काही उपायच नव्हता. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या उद्घाटनाला बिल सूटर हे बेलच्याच तालमीतले पायलट स्टेडियमवर उडाले, तेव्हाही यंत्राची जात हीच होती. तेवीस वर्षांत वेळ काही फार वाढली नव्हती.

पेरॉक्साइडबद्दल कळकळीने एक सांगतो, कारण अधूनमधून कुणी उत्साही विद्यार्थी ते घरी तीव्र करायचं म्हणतो. मेडिकलच्या दुकानातलं असतं ३ ते ६ टक्क्यांचं. तीव्र पेरॉक्साइडला साधी धूळ, गंज किंवा तेलाचा डागही पेटवायला पुरतो. २०००मध्ये रशियाची कुर्स्क पाणबुडी बुडाली आणि ११८ माणसं गेली, त्याचं मूळ टॉर्पेडोतल्या अशाच पेरॉक्साइडच्या गळतीत होतं. कृपया त्याच्या वाटेला जाऊ नका.

मूरला २१ सेकंदांची मर्यादा पुरती कळली होती, म्हणून तो जेट इंजिनाकडे वळला. विल्यम्स कंपनीने त्यासाठी डब्ल्यूआर-१९ नावाचं ३१ किलोचं इंजिन केलं. रॉबर्ट कोर्टर यांनी ७ एप्रिल १९६९ रोजी ते पाठीवर घेऊन उड्डाण केलं. आता वेळ मिनिटांत मोजता येत होती. पण भरलेलं यंत्र पेलून दोन पायांवर उतरणं म्हणजे पायलटच्या गुडघ्यांची परीक्षा. दीड-दोन महिन्यांत मूर वारला आणि बेलचा प्रकल्प तिथेच संपला. इंजिन मात्र वाया गेलं नाही. त्याच घराण्यातलं पुढचं इंजिन टॉमाहॉक क्रूझ क्षेपणास्त्रात बसलं. मला यात इंजिनाचा स्वभाव दिसतो. पंख असलेल्या क्षेपणास्त्राचं वजन पंख उचलतात, इंजिनाने फक्त पुढे ढकलायचं. तिथे तेच छोटं इंजिन शेकडो किलोमीटर जातं. माणसाच्या पाठीवर मात्र सगळं वजन त्यालाच तोलून धरावं लागतं.

पुढच्या लोकांनी पाठीवर मावायची ही अट वेगवेगळ्या बाजूंनी सैल करून पाहिली.

स्वित्झर्लंडच्या इव्ह रॉसी यांनी पंख लावले. विमानातून उडी मारायची, पाठीवरच्या पंखाखालची चार छोटी इंजिनं चालवायची आणि शेवटी पॅराशूटने उतरायचं. २६ सप्टेंबर २००८ रोजी त्यांनी इंग्लिश खाडी दहाएक मिनिटांत ओलांडली. त्यांच्याच पंथातला फ्रेंच पायलट व्हिन्स रेफे फेब्रुवारी २०२०मध्ये दुबईत जमिनीवरून उभा उठला आणि थेट १८०० मीटरवर गेला. त्याच नोव्हेंबरात सरावात त्याचा मृत्यू झाला. न्यूझीलंडच्या ग्लेन मार्टिन यांनी १९८१पासून खपून पंखे मोठे केले, पेट्रोल इंजिन घेतलं आणि २००८मध्ये अमेरिकेतल्या ऑशकॉश इथे यंत्र लोकांपुढे आणलं. वेळ अर्ध्या तासाकडे गेली, पण यंत्र इतकं मोठं झालं की ते माणूस घालत नव्हता, माणूसच त्यात उभा राहत होता. कंपनी शेअर बाजारातही गेली आणि २०१९मध्ये बंद पडली. फ्रान्सच्या फ्रँकी झपाटा यांनी इंजिनं पाठीवरून काढून पायाखाली घेतली आणि ४ ऑगस्ट २०१९ला खाडी ओलांडली : ३५ किलोमीटर, २२ मिनिटं, मध्ये बोटीवर उतरून इंधन भरून. दहा दिवसांपूर्वीचा प्रयत्न नेमका त्या बोटीवर उतरतानाच फसला होता.

तुम्ही पाहिलेला व्हिडिओ रिचर्ड ब्राउनिंग यांच्या सूटचा असणार. प्रत्येक हातावर दोन आणि पाठीवर एक अशी पाच इंजिनं. हाताचा कोन बदलला की दिशा बदलते. सप्टेंबर २०२०मध्ये इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये तिथल्या हवाई रुग्णसेवेबरोबर चाचणी झाली. पायी २५ मिनिटं लागतात तिथे ते ९० सेकंदांत पोचले. तेव्हा उडाले ते ब्राउनिंग स्वतः. नंतर त्या संस्थेच्या पॅरामेडिकनेही प्रशिक्षण घेतलं. आपल्या लष्करानेही २०२३च्या जानेवारीत ४८ जेटपॅक सूटसाठी प्रस्ताव मागवले आणि पुढे आग्र्यात ब्राउनिंग यांचं प्रात्यक्षिक झालं.

हाताच्या मापाची ही इंजिनं कुठून आली, हेही सांगायला हवं, कारण त्यांचं श्रेय बऱ्याच अंशी छंदिष्टांना जातं. रेडिओवर चालणारी मॉडेल विमानं उडवणाऱ्यांना खरं जेट इंजिन हवं होतं. जर्मनीत कुर्ट श्रेकलिंग यांनी घरगुती हत्यारांनी होईल असं इंजिन करून दाखवलं आणि त्यातला कॉम्प्रेसरचा, म्हणजे आत येणारी हवा दाबणारा, चक्का चक्क प्लायवूडचा होता, वर कार्बन फायबर गुंडाळलेला. पुढे गाड्यांच्या टर्बोचार्जरचे चक्के वापरात आले आणि बघता बघता हे इंजिन बाजारात मिळू लागलं.

२२ किलो थ्रस्ट (जोर) देणारं असं एक इंजिन मी टेस्ट बेडवर शेकडो वेळा सुरू केलं असेल. वजन दोन किलोच्या आत, दिसायला स्टीलच्या मोठ्या थर्मासएवढं. आधी छोटी इलेक्ट्रिक मोटर चक्का फिरवते, शिट्टी चढत जाते, मग आत केरोसीन धरतं तेव्हा 'धप्' असा आवाज येतो आणि शेपटाकडचा धातू मंद लाल होतो. मंद चालीलाच मिनिटाला ३०-३५ हजार फेरे, पूर्ण जोरावर एक लाखाच्या वर. वेगळी तेलाची टाकी नसते, केरोसीनमध्येच पाच टक्के टर्बाइन ऑइल मिसळतात आणि तेच बेअरिंगला जातं. म्हणून चाचणीच्या दिवशी अंगाला, डब्याला, अगदी भाकरीलाही तो वास येतो. बंद केल्यावर मोटर पुन्हा चक्का फिरवत राहते, कारण थंड न करता थांबवलं तर आतल्या उष्णतेने बेअरिंग जातं. आणि सर्वांत महत्त्वाचं : थ्रॉटल दिल्यावर मंद चालीवरून पूर्ण जोरावर यायला त्याला दोन-तीन सेकंद लागतात. जमिनीवर हे काहीच नाही. हवेत ते फार आहे.

एकदा एका खासगी वर्कशॉपमध्ये दोन इंजिनांची चौकट तपासत होतो. सगळं पुसून घेतलं होतं, पण पुसायच्या कपड्याची बोटभर चिंधी बाकाखाली राहिली. इंजिन चढवताना ती उडाली आणि जाळीच्या कडेच्या फटीतून आत गेली. स्फोट वगैरे काही झालं नाही. फक्त आवाज पट्टी सोडून खाली घसरला आणि काट्यावरचा थ्रस्ट २० किलोवरून शून्यावर आला. घड्याळ लावलेलं होतं : सव्वा सेकंद. शेजारचं इंजिन तसंच गरजत राहिलं आणि चौकट त्याच्या विरुद्ध बाजूला वळली. बोल्टने जमिनीला जखडलेली होती म्हणून जागेवर राहिली. त्या जागी एखाद्याचा हात असता तर काय, हा विचार त्या दिवसापासून माझी पाठ सोडत नाही. फट ज्याने ठेवली त्याला दोष देऊन उपयोग नव्हता. ती जाळी आदल्या दिवशी मीच तपासली होती.

आता मूरच्या त्या अडीच मीटरकडे येऊ. १० मीटरवरून माणूस दीड सेकंदाच्या आत जमिनीवर येतो, ताशी ५० किलोमीटर वेगाने. २० मीटरवरून दोन सेकंद, ताशी ७० किलोमीटर. पॅराशूट, अगदी स्फोटकाने उघडणारंसुद्धा, पूर्ण फुलायला काही उंची खातं. म्हणजे दोन-तीन मीटरपेक्षा कमी उंचीवरून पडलात तर हाड मोडेल पण जगाल, बऱ्याच उंचीवर असाल तर पॅराशूट वाचवेल, आणि मधल्या पट्ट्यात दोन्हींपैकी काहीच नाही. हेलिकॉप्टरचं इंजिन बंद पडलं तरी पात्यांच्या फिरत्या गतीवर ते उतरवता येतं, विमान तरंगत येतं. जेटपॅककडे असा कुठलाच साठा नाही. इंजिन थांबलं त्या क्षणी तो दगड. म्हणून जाणते पायलट एकतर पाण्यावर उडतात, नाहीतर जमिनीला धरून, माणसाच्या उंचीच्या दीड-दोन पट वर.

याच कारणाने लेक डिस्ट्रिक्टमधला व्हिडिओ सह्याद्रीत जसाच्या तसा उतरणार नाही. तिकडचा उतार गवताळ आणि सलग. पायलट उताराला चिकटून वर जातो, पायाखालची जमीन त्याच्याबरोबर वर येत राहते. आपला कातळ तसा नाही. सोंड चढत गेलात, मध्ये खिंड आली किंवा कड्याची धार ओलांडली, की पायाखालची जमीन एकदम शे-दोनशे मीटर खाली जाते. कोकणकड्यासारख्या ठिकाणी तर खालून इतका वारा उसळतो की टाकलेल्या हलक्या वस्तू परत वर येतात. अशा वाऱ्यात पंखा, पंख काहीच नसलेला माणूस फक्त मनगटाच्या जोरावर तोल राखणार. मी कुणाला तिथे जा म्हणणार नाही.

दुसरी बाब उष्णतेची. १४०० मीटर उंचीवर, ३० अंश तापमानात हवा समुद्रसपाटीच्या थंड हवेपेक्षा सुमारे वीस टक्के विरळ असते आणि इंजिनाचा जोर जवळजवळ त्याच प्रमाणात घटतो. इंग्लंडमध्ये १४० किलो उचलणारा सूट हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर एप्रिलच्या दुपारी ११०-११५ किलो उचलेल. म्हणजे बारीक अंगाचा पायलट आणि अर्धी टाकी. शिवाय मार्च ते मे सगळ्या माळावर वाळलेलं गवत असतं आणि इंजिनातून बाहेर पडणारा झोत ६००-७०० अंशांचा. एकाला वाचवायला जाऊन वणवा लावून ठेवाल. पावसाळ्यात गवत हिरवं होतं, पण तेव्हा धुकं. जेटपॅकचा पायलट उंची डोळ्यांनी मोजतो, जमीन दिसेनाशी झाली की त्याला वर-खाली कळत नाही.

मग उपयोग कुठेच नाही का? आहे, आणि तो खरा आहे. अंतर दीड-दोन मिनिटांचं, खाली पाणी किंवा सलग उतार, पलीकडे पोचणं जिवावर बेतलेलं, आणि उडणारा माणूस शेकडो तास दोरावर सराव केलेला. २०२१मध्ये ब्रिटनच्या रॉयल मरीन्सनी वेगवान बोटीवरून चालत्या जहाजावर चढायची चाचणी केली, ती याच मापात बसते. मोठ्या धरणाच्या जलाशयात पलीकडच्या काठाला कुणी अडकलं, बोट नाही, तर तेही याच मापात बसेल. त्यासाठी सूट मात्र लंडनमध्ये २०१८ साली ३,४०,००० पौंडांना विक्रीला होता, हेही लक्षात घ्या. प्रशिक्षण आणि सुटे भाग वेगळे.

तुमच्या गटासाठी माझा सल्ला असा. गेल्या काही मोहिमांच्या वह्या काढा आणि प्रत्येकीतले तीन कालावधी लिहा : माणूस नेमका कुठे आहे हे कळायला किती गेला, पहिला माणूस त्याच्यापाशी पोचायला किती, आणि स्ट्रेचरवर गाडीरस्त्यापर्यंत आणायला किती. जेटपॅक फक्त मधली वेळ कमी करतो. जखमीला तो खाली आणू शकत नाही, सोबत दोरखंड आणि स्ट्रेचरही नेऊ शकत नाही. माझा अंदाज आहे की तुमचे खरे तास पहिल्या आणि तिसऱ्या रकान्यात असतील. पहिल्यासाठी उष्णता टिपणारा कॅमेरा लावलेला ड्रोन घ्या. त्याचे पंखे पाठीवर मावायच्या अटीत अडकलेले नसतात, म्हणून तो बॅटरीवर अर्धा तास टिकतो, आणि पडला तर यंत्रच मोडतं. तोच ड्रोन पाण्याची बाटली, वॉकीटॉकी, मलमपट्टी खाली सोडू शकतो. तिसऱ्यासाठी घडीचं हलकं स्ट्रेचर आणि आसपासच्या गावांतली प्रशिक्षित पोरं.

मधला रकानाच सगळ्यांत मोठा निघाला, तर त्या जागेचा नकाशा आणि फोटो मला पाठवा. पायथ्यापासून तिथपर्यंत जमीन सलग पायाखाली राहते का, हे मी तुमच्याबरोबर बसून बघेन.